चिमा कासारणीचं औषध

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीवाट नव्हती आणि बाजार गाठायचा तर दोन वेळची शिदोरी बांधून निघावं लागायचं तेव्हा, तांबेघळ गावात चिमा नावाची एक कासारीण राहायची. तिला पाहिलेलं माणूस आज कुणी नाही. तिला पाहिलेल्या माणसाला पाहिलेलंही कुणी उरलं नाही. पण गावात कुणालाही विचारा, चिमाक्का काल सांजेला दारावरून गेल्यासारखी तिची गोष्ट सांगतील. दोघांनी सांगितली तर दोन तऱ्हांनी सांगतील आणि शेवटी आपसात भांडतील. त्यातली सगळ्यात कमी भांडणाची तऱ्हा ही अशी आहे.

चिमाचा नवरा भिवा कासार. तो तट्टू घेऊन डोंगराखाली उतरायचा आणि काचेच्या बांगड्यांचा माल आणायचा. चिमा तो माल पाठीवर बांधून घरोघर फिरायची आणि बायकांना काकणं भरायची. आता काकणं भरणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. बाजारात बांगड्या भरणाऱ्या बायकांचे हात मऊ असतात. तांबेघळच्या बायकांचे हात खुरप्याचे, विळ्याचे, जात्याच्या खुंट्याचे. मनगट बारीक आणि पंजा दगडासारखा. बांगडी पंजावर आली की बाईनं श्वास रोखलाच, हात ताठ केलाच, आणि बांगडी कडकन वाढवलीच. कासारणीच्या तोंडी बांगडी कधी फुटत नाही, ती वाढते. पण वाढलेल्या बांगडीचं नुकसान कासाराच्याच पदरात.

लग्न होऊन आली त्या पहिल्या वर्षी चिमानं इतक्या बांगड्या वाढवल्या की सासूनं तिला अंगणात बसवून विचारलं, "गं सूनबाई, तू काकणं भरतीस का मिरची कांडतीस?"

चिमा हिरमुसली. दुसऱ्या दिवशी एका घरी बसली असता तिला काही सुचेना, म्हणून तिनं आपलं गुणगुणायला सुरुवात केली. माहेरी दळताना जे तोंडी यायचं तेच, जरा इकडचं तिकडं करून :

*सैल सोड गं हाताला, जशी वेल मांडवाला,*
*काकण कसं सरलं, कळलं नाही मनगटाला.*

आणि खरंच कळलं नाही. समोरची बाई दाराबाहेर बघत ऐकत राहिली, आणि अकरा काकणं हातात कधी गेली ते तिला शेवटचं काकण खुळखुळल्यावर उमगलं. हात झाडून ती उठली आणि म्हणाली, "अगं बया! सकाळपासून कंबर धरली होती, ती कुठं गेली?"

ती कंबर काही परत आली नाही. म्हणजे कंबर आली, दुखणं आलं नाही. आणि तिथून सगळं सुरू झालं, असं म्हणतात.

चिमा रोज वीस-पंचवीस हात धरायची. हळूहळू तिला हात वाचता यायला लागले. रागावलेल्या माणसाची बोटांची पेरं कडक. घाबरलेल्याचा अंगठ्याखालचा मांसल भाग थंड. झोप नसलेल्याचं मनगट आतल्या आत फडफडतं, जाळ्यात पाखरू असल्यासारखं. तिनं प्रत्येक हाताला वेगळं गाणं लावून पाहिलं. काहींना संथ, काहींना ठसक्याचं, काहींना नुसतंच 'हं हं' करून. कुठलं गाणं कुठल्या हाताला लागू पडतं हे तिनं चार-पाच वर्षांत ताडून ठेवलं.

एकदाच ती अडली. पारू नावाच्या एका बाईचं तीन वर्षांचं लेकरू गेलं होतं. बायकांनी बळंच तिला काकणं भरायला बसवलं. चिमानं तिचा हात धरला. हात इतका सैल की बांगड्या आपोआप सरत होत्या. असा हात चिमानं कधी धरला नव्हता. तो सैल सोडलेला नव्हता, तो सोडूनच दिलेला होता. चिमानं तोंड उघडलं, पण त्या हाताला ऐकवण्यासारखं गाणं तिच्याजवळ नव्हतं. मग तिनं भिंतीला टेकवलेलं सूप ओढलं, पारूच्या मांडीवर पालथं ठेवलं आणि म्हणाली, "पारू, माझा ताल आज चुकतोय. जरा ठेका धर."

पारूनं धरला नाही. दुसऱ्या दिवशी चिमा पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. नवव्या दिवशी पारूचं एक बोट सुपावर हललं. पंधराव्या दिवशी ती चिमाला म्हणाली, "तू घाई करतीस." आणि रडली. पुढं सगळ्या गावाच्या लग्नात सुपावर ठेका पारूचाच असायचा.

पण चिमाचं नाव डोंगराखालपर्यंत गेलं ते पाटलाच्या मुठीमुळं.

तांबेघळचे पाटील सुभानराव. रागीट म्हणून प्रसिद्ध. त्यांचा धाकटा भाऊ हैबती, तो चिडवण्यात प्रसिद्ध. एकदा बांधावरच्या फणसावरून दोघांची जुंपली. फणस कुणाच्या हद्दीत हे पणजोबांनाही ठरवता आलं नव्हतं. हैबती काहीतरी बोलला, काय बोलला ते आजही कुणी सांगत नाही, आणि सुभानरावांनी उजवी मूठ आवळून वर उगारली. तेवढ्यात माणसं मधे पडली. हैबती पळाला. मूठ तशीच राहिली.

तशीच म्हणजे तशीच. उघडेना. संध्याकाळी उघडेना, सकाळी उघडेना. पाटील डाव्या हातानं जेवू लागले. तालुक्याहून विश्वंभरशास्त्री वैद्य आले. त्यांनी तेल चोळलं, लेप लावला, एरंडाची पानं बांधली, वाफ दिली. मूठ फुगली, पण उघडली नाही. आठ दिवसांत अशी गत झाली, की पाटलांनी कुणाला रामराम घातला तरी ते आपल्याला मारायलाच हात उचलतायत असं समोरच्याला वाटायचं. दोन कुळं गाव सोडायच्या बेतात आली.

पाटलीणबाई तानूवैनी शहाण्या होत्या. त्यांनी चिमाला काकणं भरायच्या निमित्तानं वाड्यात बोलावलं आणि हळूच विचारलं, "चिमाक्का, आमच्या ह्यांच्या मुठीवर तुझं काही चालेल का?"

चिमानं पाटलांची मूठ हातात घेतली, फिरवून पाहिली, पेरं दाबली. म्हणाली, "वैनी, हा नव्या नवरीचा हात आहे. हा गाण्यानं सुटेल. पण गाण्याच्या जोडीला काकण पाहिजे."

"काकण?" पाटील गरजले.

"मला बिनकाकणाचं गाणं येत नाही, पाटील. हात धरून नुसतं गायला बसले तर लोक काय म्हणतील?"

"आणि काकणं भरली तर काय म्हणतील?"

"दार लावून घेऊ की."

दार लावलं. सुभानराव पाटील, मिशीला पीळ, डोक्याला लाल पागोटं, पाटावर उजवा हात पुढं करून बसले. चिमानं सगळ्यात मोठ्या मापाची हिरवी काकणं काढली, त्यातलं एक मुठीच्या टोकाशी लावलं आणि सुरू केलं, *सैल सोड गं हाताला...*

पाटील आधी छताकडं बघत होते. मग दाराकडं. मग डोळे मिटले. त्यांची आई दळताना असंच काही म्हणायची आणि ते तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचे, हे त्यांनी पुढं बऱ्याच वर्षांनी एकदाच सांगितलं. चिमा गात राहिली. करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. काकण सरकलं. अकरावं काकण मनगटावर गेलं तेव्हा पंजा उमलून पाटावर पडला होता आणि पाटलांच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

तानूवैनींनी देवापुढं साखर ठेवली. पाटलांनी हात मिटून पाहिला, उघडून पाहिला, पुन्हा मिटला, उघडला. मग म्हणाले, "आता ही काढ."

आणि काकणं निघेनात. हात आठ दिवसांचा सुजलेला. काकणं गेली ती गाण्यावर गेली, येताना कुठल्या गाण्यावर यायचं ते चिमालाही ठाऊक नव्हतं.

"फोडा," पाटील म्हणाले.

"अहो!" वैनी ओरडल्या. "मी समोर उभी असताना काकणं फोडायची? बोलवतं तरी कसं?"

असा तिढा पडला. तीन दिवस सूज उतरेपर्यंत पाटील हातावर घोंगडी टाकून चावडीत बसले. उन्हाळ्याचे दिवस. घोंगडीतून खुळखुळ ऐकू यायची. सारं गाव जमिनीकडं बघत बोलायचं. शेवटी बातमी हैबतीच्या कानावर गेली. तो धावत आला, चावडीच्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, दाखव."

पाटलांनी त्याच्याकडं पाहिलं. मूठ आवळायला गेले, तर अकरा काकणं एकदम खुळखुळली. हैबतीला हसू फुटलं. पाटलांनी दात आवळले, ओठ आवळले, पण पोट आवळता आलं नाही. दोघं भाऊ चावडीत एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकं हसले की चावडीचं एक कौल खाली आलं, असं म्हणतात. फणस कुणाचा ते मात्र त्यानंतरही ठरलं नाही. फक्त भांडायचं बंद झालं.

मग काय! चिमाच्या दारात रीघ लागली. बायका तर यायच्याच, आता बाप्येही येऊ लागले. काकणाची अट चिमानं बाप्यांना माफ केली, पण हात धरल्याशिवाय ती औषध देत नसे. आणि औषध म्हणजे गाणं. तेही तिनं म्हणायचं नाही, रोग्यानं म्हणायचं. "मी किती घरी पुरी पडणार?" ती म्हणायची. "आपलं औषध आपल्या तोंडानं घ्यायचं." कुणाला दोन कडवी सकाळी अनशापोटी. कुणाला जेवणानंतर एक, पण चालत चालत. कोंडिबा तेल्याला जुनाट खोकला, त्याला तिनं लांब श्वासाचं दिलं :

*खोकला पाव्हणा आला, त्याला येशीत गाठा,*
*चुलीपाशी नका बसवू, दावा डोंगराच्या वाटा.*

"एका दमात दोन्ही ओळी," चिमानं बजावलं. "मधे खोकलास तर पहिल्यापासून."

कोंडिबानं पहिल्या दिवशी पहिल्यापासून चाळीस वेळा म्हटलं. महिन्याभरानं एका दमात म्हणू लागला. खोकला किती गेला हे तो सांगायचा नाही, पण घाण्याच्या बैलाला ते गाणं पाठ झालं आणि 'डोंगराच्या वाटा' आलं की बैल आपोआप थांबायचा.

पथ्यही असायचं. औषधावर दुसरं गाणं म्हणायचं नाही. शेजाऱ्याचं औषध चोरून म्हणायचं नाही. हैबतीनं गंमत म्हणून एका बाळंतिणीची अंगाई सकाळ-संध्याकाळ दुप्पट घेतली, तर तो नांगराच्या मागं चालता चालता झोपला आणि नांगर शेजारच्या गावात निघाला, असं तांबेघळात म्हणतात. शेजारच्या गावात म्हणतात, तो प्यायला होता.

ही सगळी हकिगत विश्वंभरशास्त्र्यांच्या कानी गेली. शास्त्रीबुवा विद्वान, हाताला गुण असलेले, पण स्वभावानं करपलेले. पाटलांची मूठ आपल्या हातून सुटली नाही आणि एका कासारणीनं सोडवली, हे त्यांना खुपत होतं. एके दिवशी दुपारी ते तट्टावर बसून थेट चिमाच्या अंगणात आले. चिमा तेव्हा एका शेजारणीचं किरकिरं पोर मांडीवर घेऊन हलकं हलकं गात होती.

"बाई," शास्त्री म्हणाले, "हा काय धंदा मांडलाय?"

चिमानं ओठांवर बोट ठेवलं आणि पोराकडं खूण केली. शास्त्री ओट्यावर टेकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "नाडी म्हणजे काय हे ठाऊक आहे का तुला? वात, पित्त, कफ ही नावं तरी ऐकलीस का? चरकानं म्हटलंय..."

चिमा मान हलवत गात राहिली.

"चरकानं म्हटलंय..." शास्त्री पुन्हा म्हणाले. "चरकानं..."

चरकानं काय म्हटलंय ते तांबेघळला कधीच कळलं नाही. शास्त्रीबुवा खांबाला टेकून घोरायला लागले होते. पोर जागंच होतं आणि त्यांच्याकडं टकामका बघत होतं. चिमानं शास्त्र्यांचं मनगट हलकेच धरून पाहिलं. आत पाखरू फडफडत होतं, दमून दमून आता कुठं बसायला लागलं होतं. तिनं भिवाला घोंगडी टाकायला सांगितलं, तट्टाला चारा घालायला सांगितला, आणि आपण गात राहिली.

शास्त्री उठले ते दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला. डोळे चोळत त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, मग चिमाकडं पाहिलं.

"किती दिवसांनी झोपलात?" चिमानं भाकरी वाढत विचारलं.

"सात वर्षांनी," शास्त्री म्हणाले. "दुसऱ्यांना झोपेचं चूर्ण देतो. मला लागू पडत नाही."

"मग त्यात लाज कसली? मलाही माझं काकण दुसरीच भरते."

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. शास्त्र्यांच्या रोग्यांना पुडीबरोबर निरोप मिळू लागला : चूर्ण मधातून, आणि चिमा संध्याकाळी.

आणि मग ते हिवतापाचं वर्ष आलं.

पाऊस उघडेना, तळी साचली, आणि खोऱ्यात घराघरांत माणसं हुडहुडी भरून पडली. शास्त्री तांबेघळातच मुक्कामाला आले. ते काढे उकळायचे आणि चिमा घरोघर जायची. तापावर इलाज काढ्याचाच, हे ती स्वतःच सांगायची. पण काढा इतका कडू की माणसं तोंड मिटून घ्यायची; भीती इतकी की पाजलेलं उलटायची. चिमा हात धरून बसायची, गायची, आणि गाता गाता काढा पोटात जायचा. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत ती गात होती. असे एकवीस दिवस. त्या साली खोऱ्यातल्या पुष्कळ गावांत माणसं गेली. तांबेघळात एकही गेलं नाही, असं म्हणतात. शेजारच्या गावचे म्हणतात, एक गेलं होतं. पण ते नव्वदीचं होतं आणि पाच वर्षं निघायच्याच तयारीत होतं.

बाविसाव्या दिवशी चिमानं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

ती घरी आली आणि आडवी झाली. ताप नव्हता. कुठं दुखत नव्हतं. शास्त्र्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, घसा पाहिला. "घसा शिणलाय, तो आठ दिवसांत येईल," ते म्हणाले. पण आठ दिवस झाले, चिमा उठली नाही. जेवली नाही. कुणी बोललं तर भिंतीकडं बघायची. तिला आतून अगदी रिकामं वाटत होतं, माल संपलेल्या पेटीसारखं. एकवीस दिवसांत गावातली सगळी भीती तिनं एकेका हातातून ओढून घेतली होती आणि ती कुठं ठेवायची हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. डोळे मिटले की बरं वाटायचं, म्हणून ती मिटून राहायची.

भिवानं तिचा हात धरला. त्याला हात वाचता येत नव्हते, पण बांगड्या तिच्या मनगटावरून आपोआप कोपराकडं घसरल्या हे त्याला दिसलं. त्याला रडू आलं. "वीस वर्षं म्हणत होतो, या घरात जरा गप्प बसायला काय घेशील," तो शास्त्र्यांना म्हणाला. "आता ऐकवत नाही हो ही शांतता."

शास्त्र्यांनी बाहेर येऊन गावाला सांगितलं, "माझ्या पोतडीत हिला काही नाही. हिचंच औषध हिला द्यावं लागेल. गा कुणीतरी."

गाव एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागलं. अडचण अशी, की तांबेघळात चिमा सोडून कुणालाही गाता येत नव्हतं. औषध म्हणून म्हणणं निराळं, आपापल्या घरात, दार लावून. हे दुसऱ्याच्या कानात घालायचं होतं. शिवाय ज्याला जे औषध मिळालेलं तेवढंच त्याला येत होतं. दुसरं एक अक्षर नाही.

शेवटी सुभानराव पाटील पुढं झाले. चिमाच्या उशाशी मांडी घालून बसले, घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत गायले, *सैल सोड गं हाताला.* चावडीत दवंडी द्यावी तसा आवाज. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. पाटील थांबले नाहीत. त्यांना एकटं पडलेलं पाहून हैबतीनं अंगाई धरली. कोंडिबानं खोकल्याचं धरलं. दारातून, खिडकीतून, अंगणातून ज्याचं त्याचं औषध सुरू झालं. कुणाचं अर्धशिशीचं, कुणाचं पोटशूळाचं, कुणाचं सासूच्या रागाचं. शास्त्रीबुवांना गाणं येत नव्हतं, म्हणून त्यांनी चिमाची अंगाई श्लोकासारखी घोकायला सुरुवात केली.

चिमा डोळे मिटून पडली होती. पहिल्या दिवशी तिला वाटलं, कुठंतरी लांब भांडण चाललंय. दुसऱ्या दिवशी तिला वेगवेगळे आवाज ओळखू यायला लागले आणि ओळखू आले नसते तर बरं, असं वाटायला लागलं. पाटील 'मांडवाला' वर असे चढायचे की जणू खरंच मांडवावर चढतायत. कोंडिबा एका दमात म्हणत होता खरा, पण दोन ओळींच्या मधे जो ठेहराव तिनं शिकवला होता तो त्यानं पार गिळला होता. शास्त्रीबुवांची अंगाई ऐकून कुठलंही पोर परत झोपलं नसतं. फक्त पारूचा सुपावरचा ठेका बरोबर होता, आणि त्या बरोबर ठेक्यामुळं बाकीचं आणखीच चुकीचं वाटत होतं. चिमानं कूस बदलली. उशी कानावर ओढली. आठ-दहा दिवसांत तिनं आपणहून केलेली ती पहिली हालचाल. भिवानं ती पाहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाटलांनी आवाज चढवला आणि म्हटलं, "*काकण कसं फुटलं...*"

चिमा ताडकन उठून बसली.

"सरलं!" तिचा आवाज फाटका, खरबरीत, कावळ्यासारखा. "काकण *सरलं* रे मेल्या! कासारणीच्या घरात बसून फुटलं म्हणतोस? आणि 'मांडवाला' वर खाली उतरायचं, चढतोस कुठं?"

पाटलाला मेल्या म्हटलेलं तांबेघळानं कधी ऐकलं नव्हतं. पाटलांचं तोंड हसू की रडू असं झालं. चिमानं खालचा सूर लावून दाखवला, तो लागला नाही, पुन्हा लावला, अर्धा लागला. मग दमून ती परत आडवी व्हायला लागली.

तेव्हा विश्वंभरशास्त्री दबक्या आवाजात सगळ्यांना म्हणाले, "चुकत राहा! कुणीही बरोबर गाऊ नका. बरोबर गायलात तर ही परत निजेल."

बरोबर गाण्याचा धोका तसा कुणाकडूनच नव्हता. पण आता गाव जीव तोडून चुकू लागलं. हैबतीनं अंगाईत नांगर घातला. कोंडिबा मुद्दाम मधेच खोकला. चिमानं कपाळावर हात मारून घेतला, उठली, भिंतीला टेकून बसली, आणि एकेकाला जवळ बोलावून, मनगट धरून, दुरुस्त करायला लागली. संध्याकाळपर्यंत तिचा घसा मोकळा झाला. दिवेलागणीला तिनं भाकरी मागितली, चार घास खाल्ले, आणि भिवाला म्हणाली, "या गावाला सोडून मरायची सोय नाही बाई. काय गातील माझ्यामागं!"

पुढं ती आणखी तीस वर्षं जगली, असं म्हणतात. काही म्हणतात चाळीस. तिनं गावाला गायला शिकवलं, पण गाव शिकलं नाही. शेवटी एका थंडीत, काकणं भरता भरता, गाण्याच्या मधल्या ओळीला ती थांबली. ज्या बाईचा हात तिच्या हातात होता, तिनं उरलेली ओळ म्हणून टाकली. हातातलं काकण वाढलं नाही, आपोआप सरलं.

गावाबाहेर कवठाच्या झाडाखाली तिच्या समाधीचा ओटा आहे. आता गावात रस्ता आला, बस आली, दवाखाना आला. तिथल्या नर्सबाई सुई टोचण्याआधी पोराला काहीतरी म्हणायला लावतात आणि विचारलं तर सांगतात, इथली पद्धतच आहे. गावात कुणी अंथरुणाला खिळलं की शेजारी त्याच्या उशाशी जाऊन गातात. रोगी काय म्हणेल ते म्हणो, तो उठून दार लावायला आला की त्याला गुण आला असं धरतात.

आणि दर वर्षी पौषात, ती गेली त्या तिथीला, सारं गाव ओट्यापाशी जमतं. नारळ फुटतो, सुपावर ठेका पडतो, आणि प्रत्येक जण आपापलं घरातलं गाणं एकाच वेळी, हवं तसं, जमेल तसं म्हणायला लागतो. डोंगराखालची माणसं लांबून ऐकतात आणि कानावर हात ठेवतात. ओट्यासमोर एक घोंगडी अंथरून मोकळी ठेवलेली असते.

मागच्या पौषात गावचे एक नवे जावई आले होते. शहरात रीतसर गाणं शिकलेले, गळा गोड, तयारी मोठी. सासुरवाडीचा मान म्हणून तेही गायला उभे राहिले. त्यांनी असा सूर लावला की झाडावरची पाखरं गप्प झाली आणि आजूबाजूची माणसं एकेक करत थांबली. जावईबापूंना वाटलं, आपण मैफल जिंकली.

तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि काळजीनं म्हणाली, "बापू, लई ग्वाड गाता हो. पण जरा चुकून म्हणा. असं गायलात तर ती कशाला उठंल?"